टेकू

घर रिकामं करताना जड वस्तू आधी जातात. त्यांना दोर लागतो, चार खांदे लागतात, गाडी लागते, म्हणून त्यांच्याबद्दलचं बोलणं आधीच होऊन गेलेलं असतं. मागे राहतात त्या हलक्या वस्तू. त्या कुणालाही एका हाताने उचलता येतात, म्हणूनच कुणी उचलत नाही.

कपाटं गेली होती. पलंग गेला होता. खालच्या सुतारखान्यातला मोठा बाक काल खिडकी काढून बाहेर घेतला, तेव्हा थोरला जिन्यावर पाठ फिरवून बसला होता. आता वरच्या खोलीत दोन बांधलेल्या वळकट्या होत्या, एक खुर्ची होती, आणि खोक्यांवर आडवी ठेवलेली ती काळी पेटी. पेटीत गिटार होती.

"ही टिटवी नेईल," थोरला म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

त्याची बहीण वळकटीवर बसली होती. लहानपणी सारखी गुणगुणायची म्हणून भावांनी तिला हे नाव ठेवलं. पुढच्या पिढीला ती आत्या. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

"मी नाही नेणार, दादा."

"मग काय करू तिचं?"

"तुझ्याकडे आहे, तूच ठेव."

"आम्ही एका खोलीत चाललोय. तिथे आम्ही दोघं आडवं झालो की तिसऱ्याला उभं राहावं लागेल."

"या वयात तिसरं कोण येतंय?" धाकटा भाऊ म्हणाला.

"तू गप रे."

"मग धाकट्याला दे," आत्या म्हणाली.

"मला? ताई, मला टाळीसुद्धा वेळेवर वाजवता येत नाही. शेजारच्याचे हात बघून मी वाजवतो."

एरवी कुणी हसलं असतं. आज सगळ्यांच्या पाठी दुखत होत्या. आत्याने पदराने मान पुसली आणि पेटीकडे न बघता म्हणाली, "आपणच मारलेला जीव कुणी घरी नेतं का?"

मारल्याचा तो आरोप मुळात थोरल्याचा होता.

ही गिटार अमेरिकेतली, मोठ्या लढाईच्या आधीची. बोटीवरच्या एका इंजिनिअरने ती वडिलांना दिली होती. समुद्राच्या ओलीत झाकण फुगणार नाही अशी ट्रंक वडिलांनी त्याला करून दिली, त्याबद्दलची ती भेट. वडिलांनी ती वाजवायला शिकवली ती फक्त या मुलीला. ते गेले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आत्या गच्चीवर वाजवत बसली होती. खालून हाक आली, ती उतरली, कामाला लागली, आणि गिटार पत्र्यावर राहिली. दिवसभर ऊन खाल्लं. संध्याकाळी वर जाऊन बघतात तर तारांनी घोडी उपटून काढलेली. घोडी म्हणजे तारांची टोकं जिच्यात अडकवतात ती शिसवी पट्टी.

थोरला तेव्हा नुकता हाताखालून सुटून स्वतःचं काम करू लागला होता. दार लावून त्याने दुरुस्ती केली. पुन्हा तारा चढल्या. आत्याने वाजवून पाहिली तर आवाज असा, जसा पत्र्याच्या डब्यावर चमचा मारावा. "लाकूड मेलं," थोरला म्हणाला, "उन्हात टाकून मारलंस तू." सुतार लाकडाबद्दल बोलला, मग पुढे कोण बोलणार? पेटी बंद झाली. आत्या लग्न होऊन गेली. त्यानंतर बहीणभाऊ भेटले ते लग्नांत आणि मयतांत, चार माणसं मध्ये ठेवून.

आता घर सोडायच्या आधी पेटी तिच्या हातात द्यावी, एवढंच थोरल्याच्या मनात होतं. तिने नेली म्हणजे मिटलं, असं त्याने ठरवलं होतं. वेगळं काही बोलायची त्याला सवय नव्हती, आणि या महिन्यात तर ताकदही नव्हती.

"नेऊ नका, ठेवू नका, पण मला एकदा बघू तरी द्या," थोरल्याची मुलगी म्हणाली. तिला सगळे बारकी म्हणत. दुसऱ्या शहरात ती तारांची वाद्यं दुरुस्त करत असे. बापाचाच धंदा तिने पुढे नेला होता, फक्त लाकूड पातळ केलं होतं.

तिने पेटीचे खटके उघडले.

*

बारकीला लहानपणी या पेटीला हात लावायची बंदी होती. मोठेपणी तिने अशा जुन्या अमेरिकन गिटारी लोकांच्या पाहिल्या, दुरुस्त केल्या. घरातली मात्र आज पहिल्यांदा मांडीवर घेतली.

आधी तिने नुसतं पाहिलं. वरची फळी स्प्रूसच्या लाकडाची, वयाने मधासारखी पिवळी झालेली, रेषा सरळ आणि दाट. पाठ आणि बाजू महोगनीच्या. पॉलिशवर केसासारख्या बारीक भेगा. बोटं लागून जिथे पॉलिश उडालं होतं तिथे लाकूड उघडं, गुळगुळीत. ती जागा आत्याच्या बोटांची, तिच्याआधी आजोबांच्या. मानेवरच्या पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी चर पाडले होते. तारा पिळायच्या खुंट्यांची पांढरी बोंडं भुगा व्हायला आली होती. मान पुढे वाकली होती आणि तारा इतक्या वर गेल्या होत्या की खालून पेन्सिल सरकावी.

"काय म्हणतो पेशंट?" धाकट्या काकाने विचारलं.

"वयाच्या मानाने बरा आहे. मान उतरवून परत बसवावी लागेल. ते होतं. सरसाने चिकटवून बसवलेली असते, वाफ दिली की सुटते."

"आणि आवाज?"

वरच्या फळीवर बारकीने बोटाने टिचकी मारली. कडेला मारली तर लाकूड बोललं. घोडीपाशी मारली तर ठक्क. जणू जमिनीवर मारली. तिने पुन्हा मारली. मग तारा सैल केल्या, काढल्या, पिशवीतून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा काढला, एक बारीक दिवा काढला आणि ते दोन्ही तारांखालच्या गोल भोकातून आत घातले.

आत पातळ पट्ट्या होत्या, मोठ्या फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या, टोकाला निमुळत्या. कुण्या परक्या कारागिराने त्या इतक्या खाली तासल्या होत्या की फळी तुटू नये आणि हलावी मात्र भरपूर. आणि त्या फुलीच्या मधोमध, घोडीच्या बरोबर खाली, एक जाड चौकोनी फळी चिकटवलेली होती. फळीखाली एक खुंट, थेट पाठीवर टेकवलेला. पोट आणि पाठ यांच्यामध्ये ठोकून बसवलेला टेकू. सागाचा.

खुंटाच्या चारही कडा नीट मारलेल्या होत्या. कुणाच्या नजरेला कधी पडणार नाही अशा जागी, बोटाला कूस लागू नये म्हणून मारलेल्या कडा. ड्रॉवरच्या मागच्या अंगालासुद्धा अशा कडा मारणारा माणूस बारकीला जन्मापासून माहीत होता. तो समोर खुर्चीवर बसून गुडघे चोळत होता.

तिने आरसा बाहेर घेतला.

"काय दिसलं?" थोरल्याने विचारलं.

"बघते अजून," ती म्हणाली. "आधी पाणी पिऊन येते."

*

स्वयंपाकघरात आता फक्त शेगडी आणि चार कप होते. बारकीची आई, म्हणजे घरातली वहिनी, चहा टाकत होती. बारकीने हळू आवाजात सांगितलं.

"तो टेकू?" वहिनी म्हणाली. "तो तर मीच दिवा धरला तेव्हा बसवला. नवीन लग्न झालेलं माझं. हे म्हणाले, 'दिवा धर, हलू नको.' मी इतकी हलले नाही की माझा हात सुजला."

"आई, तुला माहीत होतं?"

"आत लाकूड बसवलं एवढं माहीत होतं. त्यात लपवायचं काय? हे म्हणाले, 'आता हत्ती बसला तरी घोडी निघत नाही.' मला वाटलं, चांगलं झालं."

"आवाज त्याने गेला, आई. उन्हाने नाही."

वहिनी चहाकडे बघत राहिली. उकळी वर आली तरी तिने ती खाली बसवली नाही. बारकीनेच शेगडी बारीक केली.

"आज नको सांगू," वहिनी म्हणाली. "काल त्यांचा बाक गेला. रात्रभर माणूस कुशीवर वळला नाही. अजून एक कशाला?"

"मग आत्या पेटी नेणार नाही."

"नको नेऊ दे. इतकी वर्षं नेली नाही, बिघडलं का काही?"

"तिचं बिघडलंच ना."

"माझा नवरा म्हातारा झालाय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, फक्त दमलेला होता. "ती सावरली, संसार केला, नातवंडं आली. यांना आता सावरायला वेळ कुठे आहे?"

आईने या घरात कायम नवऱ्याची बाजू घेतली होती, चूक असली तरी आधी बाजू घेऊन मग दार लावून भांडली होती. ते बारकीला माहीत होतं.

वहिनीने चहा बाहेर नेला. आधी नवऱ्याला दिला, मग दिराला. आत्याला कप देताना आत्या म्हणाली, "वहिनी, एक सांगू? या घरात तुम्ही एकट्यांनी मला कधी त्यावरून बोल लावला नाही. मी विसरले नाही ते."

वहिनीच्या हातात कप तसाच राहिला.

"घ्या ना वन्सं," ती म्हणाली, आणि कप दिला, आणि तिथेच खाली, रिकाम्या फरशीवर बसली. "मी बोल लावला नाही, पण मी काही बोललेही नाही. अहो, ऐका. बारकीला आत तुमचा टेकू सापडलाय. आवाज त्याने गेलाय म्हणते."

"आई!" बारकी दारातून म्हणाली.

"आई काय? सांग आता नीट."

*

थोरल्याने आधी चहा संपवला. हातातलं काम पुरं केल्याशिवाय दुसरं न घेणाऱ्यांतला तो होता.

"टेकूने आवाज जात नाही," तो म्हणाला. "टेकूने मजबुती येते. मी जिने बांधलेत. मी नाट्यगृहाचा रंगमंच बांधलाय, त्यावर माणसं नाचतात."

"जिना हलला तर वाईट, बाबा. ही हलली नाही तर वाईट. वरची फळी हलते म्हणून तर आवाज येतो. त्या कारागिराने ती कागदासारखी तासलीय ती हलावी म्हणूनच. तुम्ही ती पाठीला बांधून टाकलीत."

"तारा ओढत होत्या तिला! पोट फुगलं होतं, घोडी उपटली होती. फुगलेल्याला आधार द्यायचा नाही?"

"थोडं पोट फुगतंच या गिटारींचं. काका, जरा इकडे या."

"माझं पोट मध्ये आणू नका," धाकटा म्हणाला, पण उठला.

बारकीने त्याची हनुवटी मुठीत घट्ट धरली. "आता बोला."

"अय ओऊ?"

"काहीही बोला."

"ओअ ओऊअ अआआआ आई!"

"बघा," बारकीने हात काढला. "गळा चांगला आहे, जीभ चांगली आहे. फक्त हनुवटी हलू दिली नाही."

"मी म्हणत होतो, चोर सोडून संन्याशाला फाशी," धाकटा हनुवटी चोळत म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने थोरल्याकडे बघायचं टाळलं. "म्हणजे, दादा, चोर असं नाही..."

थोरला उठला. त्याने आरसा मागितला. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि भोकात दिवा धरून बराच वेळ आत पाहत राहिला. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. आत त्याला त्याचं तरुणपणचं काम दिसत होतं. वडील गेलेले, घर अंगावर पडलेलं, आणि हातात वडिलांची मोडकी वस्तू. जे सुटतंय ते बांधायचं, जे हलतंय ते ठोकून बसवायचं, एवढंच त्याला तेव्हा येत होतं. पुढे त्याने भाऊही असाच बसवला, घरही असंच बसवलं. बहीण तेवढी राहिली.

"उन्हानेच घोडी सुटली, हे तरी खरं ना?" त्याने न वळता विचारलं.

"ते खरं," बारकी म्हणाली. "सरस उन्हात सुटतो. पण घोडी परत चिकटवली असती की संपलं होतं. लाकडाला काही झालेलं नव्हतं."

"म्हणजे लाकूड मेलं नव्हतं."

"नाही, बाबा."

आता आत्याची पाळी होती, आणि सगळ्यांना वाटलं ती रडेल. वहिनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवायला पुढे केला. आत्याने तो बाजूला केला.

"माझ्या घरात मी रेडिओ बारीक लावते," आत्या म्हणाली. "नवऱ्याला वाटतं मला गाण्याचा कंटाळा आहे. लोकांना सांगतो, 'हिला सूर सहन होत नाही.' मुलीला गाणं शिकायचं होतं, मी नाही म्हटलं. म्हटलं, आपल्या हाताला गुण नाही, आपण हात लावू ते बिघडेल. आणि आत तुझा खुंट होता, दादा?"

"मला माहीत नव्हतं."

"तुला विचारावंसं नाही वाटलं कुणाला? एका वाजवणाऱ्याला? मला?"

"तू रडत होतीस."

"मग रडून झाल्यावर विचारायचंस!"

खोली रिकामी असल्यामुळे तिचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. थोरल्याने चष्मा काढला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याने गिऱ्हाइकांना पुष्कळदा म्हटले होते. घरात कुणाला म्हटल्याचं वहिनीला आठवत नव्हतं. "काढतो मी तो. सरसच लावला होता मी, तेव्हा दुसरं वापरत नव्हतो. गरम पाण्याने सुटेल."

त्याने बाही वर केली आणि हात भोकात घातला. बोटं गेली. पेरांशी हात अडला. त्याने अंगठा आत दुमडून पाहिला, हात तिरका करून पाहिला. पेरं सुजलेली, वाकडी झालेली. ती आत जाईनात.

"तेव्हा गेला होता हात," तो म्हणाला.

"तेव्हा तुम्ही माझ्या बांगडीतून हात काढून दाखवायचात," वहिनी म्हणाली. "काढा आता. भोक फाडाल."

मग काम बारकीने केलं. वहिनीने पाणी तापवलं. फडक्याची बारीक घडी पाण्यात बुडवून, पिळून, बारकी खुंटाच्या बुडाशी धरी, थांबे, मग पातळ सुरी सरकवी. थोरला शेजारी उकिडवा बसून सांगत होता, "घाई नको. सरसाला दम द्यावा लागतो. ओढू नको, तो स्वतः सोडतो." ती म्हणे, "माहीत आहे, बाबा," आणि तो म्हणे, "हो, तुला माहीत आहे," आणि पुन्हा सांगे. आत्या वळकटीवरून उठली नाही, पण तिने तोंड इकडे केलं होतं. पाणी दोनदा तापवून झालं. उन्हाची पट्टी खोक्यांवरून भिंतीवर चढली.

खुंट सुटला तेव्हा त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. बारकीने तो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि बापाच्या तळहातावर ठेवला. थोरल्याने सवयीने त्याच्या कापलेल्या टोकावर अंगठा फिरवला. तो अगदी मापात होता. मग त्याने खुंट खिशात टाकला आणि कुणाकडे बघितलं नाही.

"टेकूवरची चौकोनी फळी अजून आत आहे," बारकी म्हणाली. "ती इथे निघणार नाही, माझ्या दुकानात न्यावी लागेल. मानही तेव्हाच उतरवेन. तोवर तारा चढवायच्या नाहीत, आत्या. आणि मग आवाज पूर्वीचा येईल असं मी सांगत नाही. इतकी वर्षं दाबून बसलेलं लाकूड आहे. वेगळा आवाज येईल कदाचित."

"म्हणजे मी नेतेय असं तू ठरवलंस," आत्या म्हणाली.

"नाही. ते तू ठरव."

आत्या उठली. तिने गिटार उचलली, ती बाईमाणसं दुसऱ्याचं मूल उचलतात तशी, जरा दूर धरून. टिचकी मारली. मग दुसरीकडे मारली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिने ती पेटीत ठेवली आणि खटके लावले.

"नेते," ती म्हणाली. "पण राग गेलेला नाही माझा. आज जाणारही नाही. तू घर सोडतोयस, दमलायस, म्हणून मी आज गोड बोलावं, तर ते मला जमणार नाही."

"नको बोलूस," थोरला म्हणाला.

"आणि वाजायला लागली तर मी फोन करणार नाही. बारकीकडून निरोपही देणार नाही. ऐकायची असेल तर तू यायचं. माझ्या घरी. वहिनींना घेऊन."

"येईन."

तिने पेटी हातात घेतली. धाकटा खाली रिक्षा बघायला गेला होता. जिन्याच्या तोंडाशी थोरला तिच्यामागे येऊन थांबला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची लाज वाटत होती, हे वहिनीला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं.

"टिटवे," तो म्हणाला, "तू राहतेस कुठे आता?"

आत्या एक पायरी खाली उतरली होती. ती वळली. आपल्या सख्ख्या भावाला आपलं घर माहीत नाही, हे तिलाही इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. लग्नं हॉलमध्ये व्हायची आणि मयतं इस्पितळातून निघायची.

"पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी बस थांबते," ती म्हणाली. "तिथे उतरायचं. मग सायकलवाल्याच्या दुकानावरून आत."

"डावीकडे?"

"उजवीकडे. डावीकडे शाळा लागते. शाळा लागली तर चुकलास."

"उजवीकडे," थोरला म्हणाला. "सायकलवाल्यावरून उजवीकडे. मग?"

"मग जिना आहे. त्याचा कठडा हलतो, धरू नकोस."

तो काहीतरी बोलणार होता. त्याने तोंड मिटलं.

"नाही धरणार," तो म्हणाला.